उडी एकदाच मोजून काय कळणार?

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक पोरगा माझ्याकडे आला. कबड्डीतला चढाईपटू, वय १९, उजव्या गुडघ्याचं एसीएलचं (गुडघा आतून बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाचं) ऑपरेशन होऊन ७ महिने झालेले आणि हातात चार पानी रंगीत रिपोर्ट, शहरातल्या एका मोठ्या सेंटरला जाऊन फोर्स प्लेटवर, म्हणजे पायाचा जोर मोजणाऱ्या पाटीवर, टेस्ट करून आलेला. पहिल्याच पानावर हिरव्या गोलात ९३ टक्के, म्हणजे एका पायावरच्या उडीत ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ९३ टक्के भरला, आणि ९० च्या वर गेलं की हिरवं दाखवायचं असं त्या सॉफ्टवेअरमध्ये सेट केलेलं. पोरगा खुशीत. "मॅडम, आता फिट लिहून द्या की, पंधरा दिवसांनी जिल्ह्याची निवड चाचणी आहे."

मी आतली पानं उलटली. उजव्या पायावर उडी १४ सेंमी, डाव्यावर १५. भागाकार बरोबरच आहे, ९३ टक्के येतात. पण दोन्ही पायांवर मिळून उडी फक्त २९ सेंमी, आणि चढाई करणाऱ्या १९ वर्षांच्या पोराची उडी २९ असेल तर मला काय झोप लागत नाही. मी त्याच्या मंडळाच्या सरांना फोन लावला. सर जुन्या वळणाचे, दर सीझनच्या आधी पोरांना भिंतीपाशी उभं करतात, बोटाला खडू लावून उभ्याने हात कुठवर पोचतो त्याची एक खूण आणि उडी मारून कुठवर त्याची दुसरी, मधलं अंतर टेपने मोजून वहीत. या पोराच्या नावापुढे ४६ होतं, दुखापतीच्या चार महिने आधीचं. आता खडूच्या उडीत हातांचा झोका असतो आणि प्लेटवर हात कमरेवर ठेवायला लावतात, झोक्याने उडी दहा-पंधरा टक्के तरी वाढते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करता येत नाही हे मला कळतं. पण झोका वजा केला तरी चाळीसच्या आसपास यायला हवं होतं. २९ कुठे आणि ४० कुठे. उजवा पाय काय डाव्याच्या बरोबरीला वर आला नव्हता, डावाच खाली उतरून उजव्याला भेटला होता. सात महिने नीट न पळालेल्या माणसाचे दोन्ही पाय वाळतात, त्यात नवल काय.

मी फिट लिहून दिलं नाही. त्याने दुसरीकडून लिहून आणलं आणि खेळला. आता तुम्हाला वाटेल मी सांगणार की गुडघा परत गेला, तर नाही गेला. धोका म्हणजे धोका असतो, ते होणारच अशी भविष्यवाणी नसते. निवड चाचणीत तो दुसऱ्या दिवशी गळला, बोनस घेऊन मागे फिरताना दुसरं पाऊल उशिरा पडत होतं, पकड करणाऱ्यांना ते दोन चढायांत कळलं. मग आला परत माझ्याकडे, तोंड पाडून.

हे सगळं सांगायचं कारण असं की आमच्या जिल्ह्यातही आता एका कंपनीच्या सीएसआरच्या पैशातून फोर्स प्लेट घ्यायची चर्चा चाललीय, आणि मी या यंत्राच्या विरोधात अजिबात नाही, उलट मला ती हवीच आहे. पण आपण ती ज्या पद्धतीने वापरायला निघालोय, म्हणजे दुखापत झाल्यावर, एकदाच, पास की नापास एवढं विचारायला, त्या पद्धतीला माझा पूर्ण विरोध आहे. धडधाकट असताना मोजलं नसेल तर दुखापतीनंतर मोजलेल्याला अर्थ अर्धाच राहतो. सरांच्या वहीकडे सेकंदाच्या हजाराव्या भागाची अचूकता नव्हती, पण दुखापतीच्या आधीची तारीख होती, आणि त्या दिवशी तीच कामाला आली.

ज्यांनी ही प्लेट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिसायला दोन जाड वजनकाटे शेजारी शेजारी ठेवल्यासारखी, एकेका पायाखाली एक. तुम्ही जमिनीला जेवढ्या जोराने ढकलता तेवढ्याच जोराने जमीन तुम्हाला ढकलते हा न्यूटनचा तिसरा नियम आपण सगळ्यांनी नववी-दहावीत घोकलाय, ती प्लेट तो जोर मोजते, सेकंदाला बहुतेक १००० वेळा. ७० किलोचा माणूस नुसता उभा राहिला की ६८७ न्यूटन. उडीसाठी तो झपकन खाली बसतो तेव्हा आकडा वजनापेक्षा खाली जातो, मग थांबायला आणि वर जायला जोर लावला की वजनाच्या दुपटीच्या वर चढतो, हवेत असताना शून्य, आणि उतरताना एकदम काटा वर. ही जी रेघ स्क्रीनवर उमटते ती मी आजवर हजारो वेळा पाहिली असेल पण अजूनही बघायला मजा येते, प्रत्येकाची वेगळी, सहीसारखी. कल्पना काय नवी नाही, पॅरिसमध्ये एतिएन ज्युल मारे नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात हवेच्या नळ्या लावून असलीच एक फळी बनवली होती. नवीन एवढंच की ती आता प्रयोगशाळेच्या फरशीतून उचलून बॅगेत घालून मैदानावर नेता येते, आणि किंमत अजूनही लाखांत असली तरी एखादं बरं हॉस्पिटल किंवा अकॅडमी घेऊ शकते.

यातला खरा माल उडीच्या उंचीत नाहीये. उंची तर खडूही सांगतो, मोबाईलचा स्लो मोशन कॅमेराही सांगतो. प्लेट सांगते ती उंची कशी आली ते. समजा एखाद्या खो-खोच्या पोरीची स्पर्धेच्या आधी उडी ३२ सेंमी होती आणि पाच दिवस सामने खेळून झाल्यावरही ३२ च आहे, टेप म्हणेल काही फरक नाही, पण रेघ बघितली तर आधी खाली बसून वर सुटायला ०.७० सेकंद लागत होते आणि आता ०.८५ लागतायत, म्हणजे अंग थकलंय आणि तीच उंची गाठायला ते जास्त वेळ घेतंय, हळूहळू ढकलतंय. खो-खोत कुणी तुम्हाला ०.८५ सेकंद देत नाही. दुसरं म्हणजे उतरणं. उडी मारताना दोन्ही पाय सारखे वापरणारा माणूस उतरताना गुपचूप सगळा भार चांगल्या पायावर टाकतो, डोळ्यांना दिसत नाही, त्याला स्वतःलाही कळत नाही, दोन पाट्यांवर लगेच दिसतं. एसीएलनंतर महिनोन् महिने ही चोरी चालू राहते. रिहॅबमध्ये, म्हणजे दुखापतीनंतर पाय परत तयार करताना, मला प्लेट हवी असेल तर याच्यासाठी. पोराला स्क्रीनकडे तोंड करून उतरायला लावायचं, दोन पायांचे स्क्रीनवरचे दोन खांब सारखे आण म्हणायचं, दहा मिनिटांत जे होतं ते तोंडाने महिनाभर सांगून होत नाही.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण प्लेट विकणारे आणि ती विकत घेतलेले दोघंही हे सांगत नाहीत.

प्लेट पायाखाली असते. तिला तळपायाखालचा एकूण जोर कळतो, तो जोर घोट्याने लावला का गुडघ्याने का कमरेने हे कळत नाही. आणि एसीएलवाला माणूस नेमकं हेच करतो, गुडघ्याचं काम खुब्यावर आणि घोट्यावर ढकलतो. कतारमधल्या अस्पेतार हॉस्पिटलच्या लोकांनी यावर फार चांगलं काम केलंय. एका पायावर लांब उडी मारताना पुढे झेपावण्याच्या कामात गुडघ्याचा वाटा साधारण आठवा हिस्सा असतो आणि उभ्या उडीत साधारण एक तृतीयांश, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे आपण जी टेप टाकून लांब उडीची टेस्ट वर्षानुवर्षं करत आलो ती गुडघ्याला फारसं विचारतच नव्हती. उभी उडी त्यातल्या त्यात बरी. पण मांडीच्या पुढच्या स्नायूत, क्वाड्समध्ये, किती ताकद परत आली हे बघायचं असेल तर ते वेगळंच मोजावं लागतं, आणि त्याला प्लेट लागत नाही, हातात धरायचं छोटं यंत्र असतं, तेही नसलं तर कुठल्याही तालुक्याच्या जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं मशीन असतं, एकेका पायाने किती वजन उचललं ते लिहून ठेवा. त्या पोराची मी तीच टेस्ट घेतली, आणि चार पानी रिपोर्टमध्ये ती नव्हती.

अजून एक. एसीएलनंतर घाई करू नका हे सांगताना सगळे ज्या अभ्यासाचा दाखला देतात तो नॉर्वे आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांचा, २०१६ साली आलेला. १०६ जण, दोन वर्षं पाठपुरावा. ९ महिन्यांपर्यंत परतणं जितकं एकेक महिना लांबवलं तितकं पुन्हा दुखापतीचं प्रमाण दर महिन्याला ५१ टक्क्यांनी कमी, आणि ठरलेले निकष पूर्ण न करता मैदानात उतरलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना परत गुडघ्याची दुखापत, निकष पूर्ण केलेल्यांत साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आकडे जबरदस्त आहेत, मी स्वतः पेशंटच्या आईवडिलांना हेच सांगते. पण त्या निकषांमध्ये फोर्स प्लेट नव्हतीच! क्वाड्सची ताकद होती, एका पायाच्या उड्या होत्या आणि प्रश्नावल्या होत्या. तेव्हा कुणी हा अभ्यास दाखवून तुम्हाला प्लेट विकत असेल तर त्याला चहा पाजा आणि हे विचारा.

आणि ९० टक्क्यांचं काय? त्याच डेलावेअरच्या मंडळींनी पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, फार साधा प्रश्न विचारला, की चांगला पाय म्हणजे कधीचा चांगला पाय. ७० पेशंट घेतले. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी दोन पाय एकमेकांशी ताडून बघितले तर ५७ टक्के लोक ९० च्या वर. मग ऑपरेशनच्या आधी त्या चांगल्या पायाची जी मापं घेऊन ठेवली होती त्यांच्याशी ताडून बघितलं, तर फक्त २९ टक्के. म्हणजे पास झालेल्यांपैकी निम्मे लोक आधीची मापं समोर ठेवल्यावर नापास. आणि ज्यांचं एसीएल नंतर पुन्हा तुटलं अशांपैकी बरेच जण दोन पायांच्या तुलनेत व्यवस्थित पास झालेले होते. माझ्याकडच्या त्या चढाईपटू पोराचं जे झालं तेच, फक्त इंग्रजीत आणि आकडेवारीसकट.

बरं, दोन पाय सारखे असायलाच हवेत हे तरी कुणी ठरवलं? कबड्डीत चढाई करणारा ज्या पायाने बोनस घेतो आणि ज्या पायावर रेटा देऊन मागे फिरतो ते पाय वर्षानुवर्षं वेगवेगळं काम करतात. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय दर चेंडूला अंगाच्या वजनाच्या पाच-सहा पट भार झेलतो, मागच्याचं काम वेगळं. अशांचे पाय सारखे नसतात आणि त्यांना काही झालेलं नसतं. त्यातून हा फरक आज उजवीकडे तर उद्या डावीकडे असाही निघतो, मी स्वतःवर सलग आठवडाभर टेस्ट करून बघितलीय, सोमवारी डावी होते आणि गुरुवारी उजवी. त्यामुळे एका दिवसाचा आकडा घेऊन कुणाला लाल रंग लावायचा आणि त्याला म्हणायचं तुझा गुडघा धोक्यात आहे, हे मला पटत नाही. नॉर्वेचे क्रीडावैद्यकातले संशोधक रोआल्ड बार यांचा २०१६ सालचा एक लेख आमच्या क्षेत्रात खूप गाजला, त्यांचं म्हणणंच असं की असल्या चाचण्या करून कुणाला दुखापत होणार हे आधी ओळखता येत नाही आणि बहुतेक येणारही नाही. तरी ब्रोशरवर 'दुखापत होण्याआधीच ओळखा' असं छापतात. पत्रिका बघणारे आणि हे, फरक काय राहिला मग.

मोजण्यातल्या चुका हा तर वेगळाच विषय आहे. एका ठिकाणी मी प्लेट चक्क कबड्डीच्या मॅटवर ठेवलेली बघितली, खाली स्पंजसारखं, म्हणजे प्लेटच डुगडुगणार आणि आकडे बिघडणार. प्लेट कडक आणि सपाट जमिनीवर हवी. उडीच्या आधी निदान सेकंदभर अजिबात न हलता उभं राहायला हवं, कारण त्यावरूनच वजन धरलं जातं आणि पुढचा सगळा हिशोब त्या वजनावर. पोरं काय करतात, चढली की लगेच उडी. काही स्वस्तातली यंत्रं आणि ॲप नुसता हवेतला वेळ मोजून उंची काढतात, ०.५० सेकंद हवेत राहिलात तर ३१ सेंमी, ०.५४ राहिलात तर ३६, आणि हे पोरांना दोन दिवसांत कळतं, उतरताना गुडघे पोटाशी घ्यायचे, पाय उशिरा टेकतात, उंची फुकटात पाच सेंमी वाढते. शाळेत उंची मोजताना टाचा उचलायचो तसंच. पहिल्यांदा आलेल्याची दुसऱ्या वेळी उडी वाढते ती सरावाने, रिहॅबने नाही. आणि तोच माणूस तब्येतीत असताना दोन दिवसांच्या उड्यांमध्ये तीन ते पाच टक्के फरक सहज पडतो, तेव्हा ३३ चं ३४ झालं म्हणून पेढे वाटू नका आणि ३२ झालं म्हणून रडू नका.

या सगळ्यावर औषध काय, तर माणूस. प्लेट चालवणारा आणि रेघ वाचता येणारा कायमचा माणूस, आणि पुन्हा पुन्हा मोजणं. पण नेमकं इथेच आपलं घोडं अडतं. यंत्राचं उद्घाटन होतं, फीत कापता येते, फोटो छापून येतो. फिजिओच्या पगाराचं उद्घाटन होत नाही. कंत्राटी पोरगी अकरा महिन्यांसाठी घेतात, ती जराशी शिकली की ऑर्डर संपते, मग प्लेट कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. साहेब दौऱ्यावर.

आणि आपल्याकडे घाई का होते तेही बोलूया, कारण परदेशातले निकष इथे चिकटवताना हे विसरलं जातं. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला ग्रेस गुण आहेत. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्यात. पण त्यामुळे एक सीझन हुकणं म्हणजे नुसता सीझन हुकत नाही, सर्टिफिकेट हुकतं, वयाची अट निघून जाते, पोलीस भरतीचं मैदान तर दुखऱ्या गुडघ्यासाठी थांबत नाहीच. ज्या घरात ऑपरेशनसाठी सोनं गहाण ठेवलंय तिथे मी सांगते अजून चार महिने थांबा, आणि बाप विचारतो, मॅडम तुमच्या कागदावर तर ९३ आहे. त्याचं काय चुकलं? त्याला कागद दिलाय आणि आपल्याकडे कागदालाच मान असतो. म्हणून मला भीती वाटते की फोर्स प्लेटचा रिपोर्ट हा आणखी एक दाखला होऊन बसेल, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, आणि आता गुडघ्याचा.

मग सार्वजनिक पैशातून ती घ्यावी का? माझं उत्तर हो, आणि कारण जरा वेगळं आहे. मोठ्या खेळाडूची काळजी घेणारे असतात. बीडच्या मांडव्याचा स्टीपलचेसचा (अडथळ्यांच्या लांब शर्यतीचा) धावपटू अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये जखमी झाला, एसीएल गेलं, तर देशभर बातमी झाली, त्याच्यामागे डॉक्टर, फिजिओ सगळे उभे राहिले आणि राहायलाच हवेत. पण त्याच बीडमधला जो पोरगा आत्ता शालेय स्टीपलचेस पळतोय त्याचं एकही माप कुठेही नाही. आणि दुसरं म्हणजे या प्लेटसोबत येणारी तुलनेची कोष्टकं बहुतेक फुटबॉल, बास्केटबॉल, रग्बी असल्या खेळांची असतात. खो-खोत खांबाला सूर मारणाऱ्या पोरीचे आकडे कसे असावेत, चढाईपटूचं थांबून फिरणं किती झटपट असावं, हे त्या कोष्टकांत शोधून सापडणार नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. जो खेळ आपलाच आहे त्याची मापं ऑस्ट्रेलियातून येणार आहेत का? ती इथेच घ्यावी लागतील, आणि कुठलंही खासगी सेंटर ती घेणार नाही कारण धडधाकट पोराकडून त्यांना फी मिळत नाही. दुखरा गुडघा पैसे देतो, चांगला गुडघा देत नाही. सरकारने करायचं काम ते हेच.

करायचं कसं, तर प्रत्येक तालुक्याला प्लेट देण्याची काहीच गरज नाही. एका विभागाला एक-दोन संच, एक गाडी, दोन प्रशिक्षित माणसं, आणि ती गाडी क्रीडा प्रबोधिनीत, जिल्हा संकुलात, जिथे शिबिरं चालतात तिथे वर्षातून दोनदा फिरवायची, सीझनच्या आधी एकदा आणि मध्यात एकदा. एका पोराला दहा मिनिटं लागतात. रिपोर्ट मराठीत, एका पानाचा, आणि त्यावर हिरवा-लाल गोल नको, गेल्या वेळचा आकडा आणि या वेळचा आकडा एवढंच. ज्याला दुखापत होईल त्याच्या फिजिओला ते जुनं पान मिळायला हवं, बस्स.

आणि ते पान खेळाडूचं असायला हवं. यावर माझं बऱ्याच कोचसोबत वाजलंय. त्यांचं म्हणणं टेस्टचा निकाल आधी आम्हाला द्या, टीम आम्ही निवडतो. एकदा का पोरांना कळलं की उतरताना पाय वाकडा पडला तर निवडीतून नाव जातं, की ती प्लेटवरही नाटक करायला लागतात, चांगल्या पायाला मुद्दाम कमी जोर लावतात म्हणजे फरक दिसत नाही. मी बघितलंय हे, एका सब-ज्युनिअरच्या पोरीने मला नंतर हसत हसत सांगितलं, मॅडम मी डाव्याला आळशी केलं. १४ वर्षांची! मग त्या डेटाचा उपयोग कुणालाच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची संमती लागते असं आहे, पण शिबिराच्या फॉर्मवर खाली कुठेतरी बारीक अक्षरात एक ओळ टाकून सही घेतली की झाली संमती, असं व्हायला नको.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप मला आमच्या सरांनीच घेतला, ते खडूवाले. म्हणाले, "ताई, इथे मैदानावर पाणी मारायला टँकर मिळत नाही, मुलींना कपडे बदलायला खोली नाही, आणि तुम्ही उडीचा सेकंद मोजायला निघालात." याला माझ्याकडे झणझणीत उत्तर नाही. खोली आधी, हे मला मान्य आहे. पैसे एवढेच असतील की प्लेट किंवा पूर्णवेळ फिजिओ यातलं एकच येईल, तर मी डोळे मिटून फिजिओ घेईन, तो खडू, टेप, मोबाईल आणि जिमचं मशीन यावर ८० टक्के काम करून दाखवेल, आणि फिजिओ नसलेली प्लेट शून्य टक्के. पण सर, तुमच्या वहीसारख्या वह्या जिल्ह्यात किती मंडळांकडे आहेत? त्यांनी थोडा विचार केला आणि दोन नावं घेतली, त्यातले एक सर रिटायर झालेत.

पोराचं विचाराल तर तेराव्या महिन्यात भिंतीवर ४२ भरला. ४६ अजून नाही. लेग एक्स्टेन्शनला उजवा पाय डाव्याच्या जवळ आलाय, आणि डावाही आता वाढलाय, म्हणजे या वेळी टक्के खरे आहेत. खेळतोय, मंडळाकडून, पूर्ण वेळ नाही.

सीएसआरची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे आणि तज्ज्ञ म्हणून मला बोलावलंय. कोटेशनची कॉपी आलीय माझ्याकडे, नीट वाचली. दोन प्लेट, एक टॅबलेट, ने-आण करायची पेटी, एक दिवसाचं ट्रेनिंग, पहिल्या वर्षाचं सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शन मोफत. दुसऱ्या वर्षापुढच्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारलीय, आणि ऑपरेटर या शब्दापुढे लिहिलंय, संकुलाने आपल्या स्तरावर व्यवस्था करावी.